शुई मास्तरांच्या बरगडीखाली

मित्रांनो, दुर्बीण म्हटली की तुम्हाला चंद्र, तारे आणि समुद्रावरची जहाजे आठवत असतील. त्यांतले काहीच मी कधी पाहिलेले नाही. मी फूटभर लांब, करंगळीएवढी बारीक अशी एक जुनी दुर्बीण आहे आणि आयुष्यभर मी फक्त माणसाच्या पोटात डोकावले आहे. बेंबीपाशी लहानसा छेद घेऊन डॉक्टर मला आत सोडत. मला आत जे दिसे ते समोरच्या पडद्यावर त्यांना दिसे. माझे काम एवढेच होते. पण एवढ्याशा कामावर कधी कधी एखाद्याचे जगणे-मरणे अवलंबून असे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. काचेच्या लहान लहान कांड्या घासून, पॉलिश करून त्यांनी त्या एका पोलादी नळीत एकामागे एक बसवल्या. त्या कांड्यांभोवती केसाहून बारीक काचतंतू भरले. त्या तंतूंतून माझ्याबरोबर उजेड आत जाई. मला जोडणारी बाई शेवटी खिडकीशी उभी राहिली, मला डोळ्याला लावले आणि समोरच्या भिंतीवरची पाटी वाचून पाहिली. अक्षरे स्वच्छ दिसली तेव्हा तिने मान डोलावली. तिने मला मऊ फोममध्ये ठेवले आणि मी बोटीने तैवानला, दक्षिणेकडच्या डोंगरपट्टीतल्या एका इस्पितळात आले.

तिथे मला डॉक्टर चुआंग भेटले. ते सर्जन होते. मोठे शांत गृहस्थ. माझ्या आधी, पोटाला मार लागलेला माणूस आला की त्यांच्यापुढे दोनच वाटा असत. वाट पाहायची, नाहीतर पोट वरपासून खालपर्यंत उघडायचे. वाट पाहताना काही माणसे हातची गेली होती. आणि उघडून पाहिल्यावर काही वेळा आत सगळे धडधाकट निघे. मग तो बिचारा माणूस विनाकारण लांबलचक टाके घेऊन महिना-महिना अंथरुणाला खिळे. त्यामुळे मी आले तेव्हा डॉक्टर चुआंगना फार बरे वाटले. केळ्यांचा घड घेऊन घसरलेले शेतकरी, स्कूटरचे हँडल पोटात बसलेली कॉलेजची मुले, अशा कितीतरी जणांच्या पोटात मी जाऊन आले आणि डॉक्टरांनी त्यांना मोठा छेद न घेता घरी पाठवले. आत सोडण्याआधी ते मला कोमट पाण्यात बुडवीत. थंड काच गरम पोटात गेली की तिच्यावर वाफ धरते आणि काही दिसेनासे होते, म्हणून. ऑपरेशन थिएटरच्या लुओ सिस्टर त्यासाठी एक थर्मास भरून ठेवीत.

मग तळमजल्यावर सीटीचे यंत्र आले. एक भलेमोठे कडे आणि त्यातून सरकणारी फळी. माणसाने फळीवर पडायचे, श्वास रोखायचा, आणि पावाचे काप करावेत तशी त्याच्या पोटाच्या एकेका कापाची चित्रे बाहेर यायची. ना छेद, ना भूल, ना रक्ताचा थेंब. ती चित्रे वाचायला डॉक्टर फान शू-छी आल्या. वयाने लहान, चालायला झपाट्याच्या, गालात सदा सुकवलेले खारे आलुबुखार धरलेले. करड्या रंगाच्या एवढ्याशा फरकावरून त्या सांगत की डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली आहे, पण रक्त थांबले आहे, ऑपरेशनची गरज नाही. आणि तसेच निघे. मार लागलेली माणसे आता आधी तळमजल्यावर जाऊ लागली. पुष्कळ जण तिथूनच वॉर्डात जात आणि बरे होऊन घरी. मला मुख्यतः पित्ताशयाचे खडे पाहण्याचे काम उरले. खोटे कशाला बोलू, मला त्या कड्याचा हेवा वाटे.

अशा दिवसांत, वसंतातल्या एका सकाळी, शुई मास्तर आले.

त्यांचे पूर्ण नाव लियाओ चिन-शुई. आमच्या भागात लग्न असो, बारसे असो की देवळाचा उत्सव, रस्त्यावर मांडव घालून पंगत द्यायची तर आचारी म्हणून शुई मास्तरच हवेत, असे लोक म्हणत. त्या दिवशी समुद्राची देवी माझू हिचा उत्सव होता. देवळासमोर लाल कापडे घातलेली गोल टेबले मांडली होती. मास्तरांची माणसे पहाटेपासून मासे साफ करत होती. मास्तर हातात सुरी घेऊन मांस तोडणाऱ्याला काहीतरी दाखवायला निघाले आणि ओल्या प्लॅस्टिकवरून त्यांचा पाय घसरला. ते पडले ते सुरीवरच. सुरी डाव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या खाली शिरली. त्यांनी ती स्वतःच उपसली, जखमेवर टॉवेल दाबला आणि वाफेवर भात चढवायच्या सूचना देत उभे राहिले. त्यांची बायको पाओ-छिन हिने ते पाहिले, त्यांच्या हातातला झारा काढून घेतला आणि भाजीच्या निळ्या ट्रकमध्ये बसवून त्यांना इस्पितळात आणले.

खालचे हे सगळे मला लुओ सिस्टरांकडून कळले. त्या दिवशी त्यांना दोनदा खाली जावे लागले होते, आणि मला धुता-पुसताना बोलत राहायची त्यांची सवय होती.

जखम होती शर्टाच्या काजाएवढी. रक्त थांबले होते. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले नाही. मग मास्तरांना सीटीच्या फळीवर झोपवले. डॉक्टर फान यांनी चित्रे नीट पाहिली. यकृत ठीक, प्लीहा ठीक, फुप्फुसे ठीक. सुरी बहुधा स्नायूंतच थांबली असावी, असे त्यांनी सांगितले.

मास्तर उठून बसले आणि चपला शोधू लागले. म्हणाले, "ऐकलंत ना? दोन टाके घाला आणि सोडा मला. संध्याकाळी माणसं जेवायला बसणार आहेत."

डॉक्टर चुआंग त्यांच्यापाशी स्टूल ओढून बसले. त्यांनी पोट दाबून पाहिले. पोट मऊ होते. मग विचारले, अजून कुठे दुखतेय का. मास्तर म्हणाले, डावा खांदा थोडा दुखतोय, पण ते काही नाही, कढया उचलून उचलून खांदे दुखतातच.

"खोटं बोलतोय," पाओ-छिन म्हणाली. "काल ह्याचा खांदा दुखत नव्हता. दुखला असता तर रात्रभर मला चोळायला लावलं असतं."

डॉक्टर फान यांना घेऊन डॉक्टर चुआंग खोलीच्या कोपऱ्यात गेले. मित्रांनो, छाती आणि पोट यांच्या मध्ये एक पातळ स्नायूचा पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. तुम्ही श्वास घेता तेव्हा तो खाली येतो, सोडता तेव्हा वर जातो. त्याला इजा झाली की त्याची वेदना पुष्कळदा खांद्यात जाणवते. डॉक्टर चुआंगना तीच शंका आली होती.

फान म्हणाल्या, "सर, श्वासपटलाला भोक असेल तर ते माझ्या चित्रात दिसेलच असं मी म्हणणार नाही. दोन कापांच्या मध्ये ते हरवू शकतं. पण नाहीच दिसत, म्हणून आहे असंही कसं म्हणायचं?"

"म्हणून तर आत जाऊन बघायचं म्हणतोय."

"भूल द्यावी लागेल. पोटात गॅस भरावा लागेल. भोक असेल तर तोच गॅस छातीत जाईल, फुप्फुस दाबेल. आत्ता हा माणूस बसून बोलतोय, सर. तुम्ही त्याला धोक्यात घालताय."

"हो," चुआंग म्हणाले. "पण भोक असेल आणि मी त्याला आज घरी सोडला, तर कधीतरी त्याचं जठर त्या भोकातून छातीत चढेल आणि तिथे अडकेल. तेव्हा तो कढईसमोर उभा असेल, आणि इथवर पोचेलच असं नाही."

दोघांचेही खरे होते. हे ऐकताना मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याचीच. कुणी एक चुकत असते तर दुसऱ्याचे ऐकून मोकळे होता आले असते.

चुआंग यांनी दोन्ही बाजू मास्तरांना जशाच्या तशा सांगितल्या. काही लपवले नाही. मास्तर हसले. म्हणाले, "माझ्या पोटात दुर्बीण घालून काय दिसणार डॉक्टर? सकाळची पेज."

कुणी हसले नाही. मास्तरांनी बायकोकडे पाहिले. तिने त्यांच्या पायातली एक चप्पल काढली, मग दुसरी काढली आणि दोन्ही आपल्या पिशवीत टाकल्या.

"आणि पंगत?" मास्तर म्हणाले.

"मी देते."

"तू? कधी एकटीने दिलीयस का?"

"नाही. तू कधी पोट उघडून घेतलंयस का?"

मास्तरांनी मग अंगठा उमटवावा तशी गिचमिड सही केली. तिला भाताबद्दल सांगत राहिले, खेकडे वरून लावायचे, आधी नाही, झाकण मध्येच उघडायचे नाही. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. त्यांना गाडीवर घालून वर आणले तेव्हा ती लिफ्टच्या दारापर्यंत आली, दार बंद होईपर्यंत उभी राहिली आणि मग ट्रककडे पळत गेली.

वर लुओ सिस्टरांनी मला कोमट पाण्यात बुडवले. भूल देणारे डॉक्टर याओ मास्तरांच्या डोक्याशी बसले होते. डॉक्टर चुआंग यांनी त्यांना सांगितले की छातीवर लक्ष ठेव, नळी टाकायचे सामान मी उघडून ठेवले आहे. मग बेंबीखाली छेद घेतला आणि गॅस हळूहळू सोडायला सुरुवात केली. पोट तंबूसारखे वर उचलले गेले. मी आत गेले.

आत पाहिले तर सगळे नेहमीसारखे होते. यकृत तांबूस, चकचकीत, अखंड. आतडी शांतपणे सरकत होती. प्लीहेच्या कडेशी थोडेसे गुलाबी पाणी होते, बाकी काही नाही. फान यांनी जे नाही म्हणून सांगितले होते ते खरेच नव्हते. क्षणभर मला वाटले, त्यांचे कडेच खरे ठरले आणि आपण उगाच आलो.

मग चुआंग यांनी माझे तोंड वर, डाव्या बाजूला वळवले. माझ्यावर वाफ आली. मला बाहेर काढून पुन्हा कोमट पाण्यात बुडवले, पुसले, पुन्हा आत सोडले. समोरच्या पडद्यावरचे चित्र स्वच्छ झाले तेव्हा खोलीतले सगळेच पुढे वाकले.

श्वासपटलात एक चीर होती. मिटलेल्या ओठांसारखी. पोटातल्या चरबीची एक घडी तिच्यात बोळ्यासारखी अडकली होती, म्हणूनच रक्त नव्हते, म्हणूनच चित्रात काही दिसले नव्हते. प्रत्येक श्वासाबरोबर ती घडी किंचित आत ओढली जात होती, किंचित बाहेर येत होती.

"सापडली," चुआंग पुटपुटले.

आणि त्याच वेळी बोळा सुटला.

मी ते पाहिले. चरबीची घडी निसटली, चीर उघडली आणि पोटात भरलेला गॅस त्या वाटेने छातीत घुसला. श्वासपटल खाली फुगून आले आणि माझ्यासमोर भिंतीसारखे उभे राहिले. बाहेर यंत्राची घंटा वाजू लागली.

"दाब चढतोय," याओ म्हणाले. "फुप्फुस भरत नाहीये. रक्तदाब पडतोय. गॅस बंद करा."

"बंद केला. झडप उघडा. सगळा सोडा बाहेर."

पोट माझ्याभोवती कोसळले. सगळे काळे झाले. चुआंग यांनी मला सर्रकन बाहेर ओढले आणि लुओ सिस्टरांच्या हातात दिले. त्यांनी मला ट्रेमध्ये ठेवले, काच वर करून. त्या गडबडीतही ठेवताना त्यांनी माझी काच कशावर आपटू दिली नाही. तिथून मला फक्त छतावरचा मोठा दिवा दिसत होता. मी ऐकत होते. याओ हाताने श्वास देण्याचा फुगा दाबत होते आणि आकडे सांगत होते, आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा खाली होता. मला एकच गोष्ट सुचत होती, की फान यांच्या यंत्राने कधीच कुणाच्या छातीत वारा भरला नाही. फळीवरून उतरलेला माणूस फळीवर चढला होता तसाच उतरे. मी मात्र ज्याला वाचवायला गेले त्याचाच श्वास कोंडला होता.

चुआंग यांनी मास्तरांच्या बगलेखाली बरगड्यांमध्ये छेद घेतला आणि बोटाने वाट करून नळी आत सारली. फस्स करून हवा बाहेर आली. खाली ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यात मोठमोठे बुडबुडे उठू लागले. याओ फुगा दाबत राहिले. मग त्यांनी एक आकडा सांगितला, आणि तो आधीच्यापेक्षा वर होता. पुढचा त्याहून वर.

"हं," याओ म्हणाले. "आला परत."

लुओ सिस्टरांनी चुआंग यांच्या कपाळावरचा घाम टिपला. याओ म्हणाले की आता फार वेळ नको, लवकर आटपा. चुआंग यांनी गॅस अगदी कमी ठेवायला सांगितला आणि मी पुन्हा आत गेले. माझ्या उजेडात, दोन बारीक चिमट्यांनी, त्यांनी ती चीर शिवली. टाका घालायचा, गाठ मारायची, थांबून याओंचा आकडा ऐकायचा. चीर मिटली. मग त्यांनी मला जठराकडे वळवले. पुढची बाजू गुळगुळीत, कुठे ओरखडाही नाही. त्यांनी श्वास सोडला. याओ आता उघडच घड्याळाकडे पाहत होते. चुआंग मला बाहेर काढायला लागले.

एवढ्यात दार ढकलून डॉक्टर फान आत आल्या. डोक्यावरची टोपी वाकडी, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी मोठा झगा आणि हातात एक्स-रेसारखी ती काळी फिल्म. खाली त्यांना चीर सापडल्याचे कळले होते. ते कळल्यावर त्यांनी सकाळची चित्रे पुन्हा दिव्यावर लावली होती, या वेळी सुरीची वाट डोळ्यांसमोर ठेवून.

"सर, जठराच्या मागे पाहिलंत का?"

"पुढून सगळं ठीक आहे."

"मागे, सर." त्यांनी फिल्म छतावरच्या दिव्याकडे धरली. "हे दोन ठिपके. सकाळी मला वाटलं, जठरातलीच हवा आहे. आता नाही वाटत. ते जठराच्या बाहेर आहेत. मागच्या अंगाला."

मला लाज वाटली, मित्रांनो. मी पोटाच्या आत होते, जठरापासून बोटभर अंतरावर, आणि मला त्याच्या मागचे काही दिसत नव्हते. मी समोरचे पाहते. एखाद्या गोष्टीच्या आड काय आहे ते मला कळत नाही. तिकडे तळमजल्यावरच्या त्या कड्याने पुढचे, मागचे, आतले सगळे एकदमच टिपले होते. फक्त ते कुणीतरी पुन्हा पाहायला हवे होते.

याओ म्हणाले, "चुआंग, आत्ताच माणूस हातातून जात होता. दोन ठिपक्यांसाठी अजून थांबायचं?"

चुआंग यांनी फान यांच्याकडे पाहिले. "किती खात्री आहे?"

"नाही सांगता येत," फान म्हणाल्या. "पण माझा भाऊ टेबलावर असता तर मी तुम्हाला बाहेर पडू दिलं नसतं."

बाटलीतले बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. मग चुआंग यांनी मला पुन्हा पुढे सारले. जठराखाली चरबीचा एक पातळ पदर लोंबतो. तो त्यांनी चिमट्याने उचलला आणि सावकाश कापत वाट केली. त्या वाटेने मी जठराच्या मागच्या अंधारात शिरले. आधी काहीच दिसेना. मग माझ्या उजेडात पातळसे पाणी चमकले. त्यात पांढरट कण तरंगत होते.

लुओ सिस्टर हळूच म्हणाल्या, "पेज आहे ही."

जठराच्या मागच्या भिंतीला भोक होते. सुरीचे टोक श्वासपटल ओलांडून तिथवर पोचले होते. ते न पाहताच पोट शिवून बंद केले असते, तर दोन-तीन दिवसांत मास्तरांच्या पोटात विष पसरले असते आणि चीर शिवल्याचा काही उपयोग राहिला नसता.

ते भोक माझ्या मदतीने चुआंग शिवू लागले, पण चिमटे तिथवर नीट पोचेनात. ते थांबले. म्हणाले, "याच्यापुढे दुर्बिणीचं काम नाही. हात घालायला हवा." आणि त्यांनी पोटावर वीतभर छेद घेतला. मला बाहेर काढून बाजूला ठेवले. पुढचे काम त्यांच्या दोन हातांनी केले, जुन्या पद्धतीने, उघड्या डोळ्यांनी. फान शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभ्या होत्या.

ऑपरेशन संपले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. चुआंग बाहेर आले तर बाकावर घरचे कुणी नव्हते. लुओ सिस्टरांनी देवळाच्या कार्यालयात फोन लावला आणि पाओ-छिनला बोलवा म्हणून सांगितले. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने काय झाले म्हणून विचारले, आणि सिस्टरांनी सांगून टाकले. तिला बोलवायला जाण्याऐवजी त्या बाबांनी सरळ लाउडस्पीकर हातात घेतला. टेबलांवर पहिल्या थाळ्या गेल्या होत्या. शुई मास्तर जगले, जठर शिवले, सगळे ठीक आहे, असे साऱ्या मांडवाने एकदमच ऐकले. पाओ-छिन भाजीच्या उलट्या क्रेटवर बसली. पदार्थ वाढणाऱ्या बायका तिच्याभोवती जमल्या. थोड्या वेळाने ती उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मासा गार होतोय. न्या."

दुसऱ्या दिवशी तिने थिएटरच्या लोकांसाठी एक मोठे पातेले पाठवले. पंगतीत उरलेले सगळे एकत्र उकळून आमच्याकडे जो रस्सा करतात, तो. लुओ सिस्टर दोन वाट्या जेवल्या. मास्तरांच्या नाकात नळी होती, तोंडाने पाणीसुद्धा बंद होते. पातेले दारावरून गेले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि खोल आवाजात म्हणाले, "मीठ कमी आहे."

"नाकातल्या नळीला कळलं का मीठ?" पाओ-छिन म्हणाली. "झोप गुपचूप."

मास्तर बरे व्हायला बराच काळ लागला. मधे ताप आला, जखम चिघळली, छातीतली नळी काढून पुन्हा घालावी लागली. पण ते घरी गेले. पुढच्या उत्सवात ते पुन्हा मांडवात उभे होते, फक्त भाताचे काम पाओ-छिनने परत दिले नाही, असे लुओ सिस्टर सांगत.

त्यानंतर एक नवे सुरू झाले. डॉक्टर फान यांची फिल्म आणि माझ्या डोळ्यांनी टिपलेली टेप शेजारी-शेजारी लावून त्या आणि डॉक्टर चुआंग पाहत बसत. कुठल्या जखमेत फक्त चित्रे पुरतील, कुठे मला आत सोडायला हवे, कुठे दोन्ही सोडून सरळ पोट उघडायला हवे, यावर त्यांचे वाद होत. रक्तदाब पडलेला माणूस आला तर मात्र ती दोघे वाद घालत नसत. त्याला ना फळीवर झोपवायला वेळ असे, ना माझ्यासाठी. मी ऐके आणि माझा हेवा हळूहळू गेला. कुणाच्या पुढे कोण, हा प्रश्नच टेबलावर झोपलेल्या माणसाला पडत नसे.

वर्षे गेली. डॉक्टर चुआंग निवृत्त झाले. लुओ सिस्टर मुलीकडे राहायला गेल्या. नंतरच्या घाईच्या दिवसांत कुणीतरी मला धुण्याच्या सिंकमध्ये टाकले आणि माझ्यावर जड हत्यारे रचली. माझ्या आतली एक कांडी तडकली. तेव्हापासून माझ्या डोळ्यात एका कडेला काळी कोर आहे. काचतंतूही एकेक करून तुटत गेले आणि माझा उजेड मंद झाला. माझ्या जागी नवी दुर्बीण आली. तिला सगळे मोठे आणि ठळक दिसते. तळमजल्यावरचे कडेही बदलले. आता ते इतके पातळ काप काढते की मास्तरांची ती चीर आज कदाचित तिथेच दिसली असती, आणि त्यांच्या छातीत वारा भरायची वेळच आली नसती. हे कळले तेव्हा मला वाईट वाटले नाही. तरी अजूनही कधीतरी चित्र काही सांगत नाही, मन मानत नाही, आणि कुणीतरी नवी दुर्बीण कोमट पाण्यात बुडवते.

मी आता वरच्या मजल्यावर, शिकणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत असते. रबरी पोटाच्या पेटीत मला खुपसून ते गाठी मारायला शिकतात, चिमट्यांनी संत्री सोलायला शिकतात. परवा दोन विद्यार्थी माझ्यासमोर भांडत होते. कुणाच्या तरी पोटाला गाडीचे स्टिअरिंग लागले होते. एक म्हणत होता, सीटी ठीक आहे, विषय संपला. दुसरी म्हणत होती, सीटीवर विसंबून राहायचे नाही, दुर्बीण घालायची. दोघेही पुस्तकातली टक्केवारी एकमेकांच्या तोंडावर फेकत होते. दारात डॉक्टर फान उभ्या होत्या. त्यांचे केस आता पांढरे झाले आहेत. त्यांनी थोडा वेळ ऐकले.

"पेशंट कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"खाली, वॉर्डात."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

दोघे जिन्याकडे धावले. जाताना मुलीने मला तसेच टेबलावर टाकले, काच खाली, लाकडाला घासत. एरवी मला याचा राग आला असता.

मित्रांनो, काच फार नाजूक असते. तिला बाहीने पुसू नका. तिच्यावर जड काही रचू नका. जो डोळा तुमच्यासाठी आत अंधारात जातो त्याला मऊ कापडात, एकट्याला ठेवा. पण माणूस वाट पाहत असेल तर आधी त्याच्याकडे जा. मी इथेच आहे. तो बरा झाला की या, आणि मग मला नीट पुसून ठेवा.